वाचकांचे प्रश्न : डब्यातल्या निगेटिव्ह

घरातल्या जुन्या निगेटिव्हवरून नव्या प्रती किंवा संगणकीय प्रती कशा मिळवाव्यात, याविषयी गेल्या काही महिन्यांत पुष्कळ पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून या वेळचे संपूर्ण सदर त्यांना दिले आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या वडिलांनी १९६५ ते १९८० या काळात आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याने काढलेल्या सुमारे ३०० चौकोनी कृष्णधवल निगेटिव्ह त्यांच्या पश्चात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सापडल्या. एका दुकानदाराने त्या खिडकीला धरून मोबाइलवर टिपल्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या. त्यांत चेहरेही धड ओळखू येत नाहीत. दुसऱ्याने ‘आता निगेटिव्हचे काम कोणी करत नाही’ असे सांगून डबा परत केला. आम्ही काय करावे? (कराड)

उत्तर : दुसऱ्या दुकानदाराचे म्हणणे निम्मेच खरे आहे. अंधाऱ्या खोलीत एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हचे चित्र मोठे करून कागदावर पाडणारे यंत्र, लावून, कागद रसायनांत धुऊन थेट प्रत काढून देणारे आता मोजकेच उरले आहेत. मात्र निगेटिव्ह स्कॅन करून देणारे व्यावसायिक पुण्या-मुंबईत आजही आहेत. अडचण असते ती त्यांच्याकडे नेमके काय मागावे हे ग्राहकाला ठाऊक नसते, ही.

आपल्याकडचा ठेवा मोठा आहे. क्लिक थ्री हा कॅमेरा वडोदऱ्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला. त्यात १२० क्रमांकाचा रोल बसे आणि एका रोलवर १२ चित्रे येत. चित्राला ‘सहा बाय सहा’ म्हणत असले, तरी प्रत्यक्षात त्याची बाजू सुमारे ५६ मिलिमीटर भरते. पुढे घरोघरी आलेल्या ३५ मिलिमीटर फिल्मवरचे चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचे असते, म्हणजे वडिलांच्या निगेटिव्हचे क्षेत्रफळ त्याच्या साडेतीन पटींहून अधिक आहे. कॅमेरा साधा असला, तरी एवढ्या मोठ्या निगेटिव्हमधून भिंतीवर लावण्याजोगी तसबीर सहज निघते.

डबा स्कॅनिंगला देण्याआधी एक काम मात्र घरीच उरकावे, आणि तेच सर्वांत तातडीचे आहे. निगेटिव्ह उजेडाला धरली की पांढरे केस काळे दिसतात, कुंकू फिकट दिसते आणि सख्खी बहीणही ओळखू येत नाही. म्हणून प्रत्येक निगेटिव्हचे मोबाइलवर एक कच्चे छायाचित्र काढावे, ते उलटे करून काळ्याचे पांढरे करावे आणि एका पानावर बारा-बारा चित्रे छापून घ्यावीत. ही पाने घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीपुढे ठेवावीत आणि ती सांगेल तशी नावे, गावे, प्रसंग पेन्सिलीने लिहून घ्यावेत. फिल्मच्या कडेला बहुधा चित्रांचे क्रमांक असतात. सातव्या चित्रात मुंज आणि आठव्यात अनोळखी घराचा ओटा असेल, तर तो ओटा मुंजीच्या घराचा असण्याची शक्यता मोठी. त्यामुळे पट्ट्या कापू नयेत, एका रोलच्या निगेटिव्ह दुसऱ्यात मिसळू नयेत आणि त्या ज्या बटर पेपरच्या पाकिटांत आहेत त्यांवर काही खरडलेले असेल तर ती पाकिटेही फेकू नयेत. स्कॅन पुढच्या वर्षी करता येईल. नावे सांगणारी आत्या पुढच्या वर्षी सांगू शकेल याची खात्री कोणी द्यावी?

आता स्कॅनरविषयी. कागदपत्रांच्या नेहमीच्या स्कॅनरमध्ये उजेड वस्तूवर पडून परत येतो. निगेटिव्हला मात्र आरपार जाणारा उजेड लागतो. त्यासाठी झाकणात वेगळा दिवा असलेला सपाट स्कॅनर किंवा खास फिल्म स्कॅनर हवा. बाजारातील पुष्कळसे फिल्म स्कॅनर फक्त ३५ मिलिमीटरच्या पट्ट्या घेतात, तेव्हा ‘माझी फिल्म १२० ची आहे’ हे पहिल्याच भेटीत सांगावे. दुसरी मागणी डीपीआयची, म्हणजे एका इंचात किती बिंदू टिपायचे याची. आपल्या निगेटिव्हसाठी २४०० डीपीआय पुरेसे आहेत. त्यात चित्राच्या एका बाजूला सुमारे ५,२९० बिंदू येतात आणि ३०० डीपीआयने छापल्यास साडेसतरा इंचांची चौरस प्रत निघते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला याच २४०० डीपीआयवर सुमारे ११ बाय साडेसात इंचांचीच प्रत मिळते, म्हणून तिथे ३२०० किंवा त्याहून अधिक मागणे योग्य ठरते. सपाट स्कॅनरच्या खोक्यावर छापलेले ६४००, ९६०० असे आकडे पाहून हुरळून जाऊ नये. प्रत्यक्षात मिळणारा तपशील त्याहून बराच कमी असतो आणि फुगते ती फक्त फाइल.

तिसरी मागणी, मूळ प्रत १६ बिटच्या टिफ (TIFF) या तपशील न गमावणाऱ्या फाइल-स्वरूपात द्यावी. जेपेग (JPEG) ही सोयीसाठी काढलेली, आकाराने लहान, दुय्यम प्रत असते. निगेटिव्हमधील दाट आणि विरळ भागांतले सूक्ष्म फरक तिच्यात दबतात आणि नंतर कितीही प्रयत्न केला तरी परत येत नाहीत. आपली एक निगेटिव्ह टिफमध्ये सुमारे ५६ एमबी जागा घेईल, म्हणजे संपूर्ण डबा १७ जीबीत, एका साध्या पेन ड्राइव्हवर मावेल. पाठवणाऱ्याने ही प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र म्हणून पाठवू नये, कारण तिथे चित्र आकसून पोहोचते.

चौथी मागणी मी आग्रहाने मांडतो. चित्रात कोणतीही ‘सुधारणा’ करू नये असे लेखी सांगावे. हल्ली चेहरे उजळ आणि नितळ करणारी, अस्पष्ट भाग स्वतःच्या मनाने भरून काढणारी साधने सर्रास वापरली जातात. एका कुटुंबाने मला पणजीचे असे ‘सुधारलेले’ चित्र दाखवले. त्यात तिच्या गालांवरचे देवीचे वण नाहीसे झाले होते, हनुवटीवरचे गोंदण म्हणजे डाग समजून पुसले गेले होते आणि डोळे एखाद्या अनोळखी तरुणीचे बसवले होते. मूळ निगेटिव्ह शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा घरातल्या सर्वांनाच गलबलून आले. धूळ, ओरखडे काढायला हरकत नाही, पण तेही दुसऱ्या प्रतीवर. पहिली प्रत जशी आहे तशीच राहिली पाहिजे.

धुळीवरून एक महत्त्वाची बाब. काही स्कॅनरमध्ये अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांनी धूळ हुडकून आपोआप पुसण्याची सोय असते. रंगीत निगेटिव्हमधील रंगद्रव्यांतून हे किरण आरपार जातात, म्हणून अडथळा दिसला की ती धूळ असे यंत्र समजते. कृष्णधवल निगेटिव्हमधील चित्र मात्र चांदीच्या कणांचे असते आणि चांदी हे किरण अडवते. यंत्राला मग सगळे चित्रच धूळ वाटते आणि कडा विस्कटतात. आपल्या कामात ही सोय बंद ठेवायला सांगावे. सुरुवातीला पाचच निगेटिव्ह द्याव्यात, त्यांच्या फाइली मोठ्या करून पाहाव्यात आणि समाधान झाले तरच उरलेला डबा सोपवावा.

प्रश्न : २०२१ च्या पुरात आमच्या घरातील निगेटिव्ह भिजल्या. तेव्हा कोणाला सुचले नाही. आता त्या एकमेकींना चिकटलेल्या आहेत आणि काहींवर पांढरे ठिपके आहेत. दुसऱ्या एका डब्यात, जो भिजला नव्हता, झाकण उघडताच आंबूस वास येतो आणि फिल्म वळलेल्या आहेत. दोन्ही वाचवता येतील का? (चिपळूण)

उत्तर : आपण लिहिले आहे ती दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

फिल्मवर चित्र धरून ठेवणारा थर जिलेटिनचा असतो. ओला झाला की तो फुगतो, मऊ पडतो आणि वाळताना शेजारच्या वस्तूला घट्ट धरतो. म्हणूनच पुरात भिजलेल्या निगेटिव्ह त्याच वेळी वाळू न देता स्वच्छ, थंड पाण्यात ठेवायच्या असतात आणि दोन दिवसांच्या आत एकेक सुटी करून, चित्राच्या थराला हात न लावता, दोरीवर टांगून वाळवायच्या असतात. ती वेळ निघून गेली आहे. आता त्या नखाने किंवा पातीने ओढून सोडवू नयेत. एका फिल्मचे चित्र दुसरीवर निघून येते. केवळ चिकटलेल्या, ठिपके नसलेल्या निगेटिव्ह ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून सुटू शकतात, पण हा प्रयोग सर्वांत कमी महत्त्वाच्या एका जोडीवर आधी करून पाहावा. ठिपके असलेल्यांना मात्र पाणी मुळीच लावू नये. ते ठिपके बुरशीचे असावेत. बुरशी जिलेटिन खाते आणि ते पाण्यात विरघळण्याजोगे करून ठेवते, त्यामुळे धुवायला जावे तर चित्रच वाहून जाते. त्या कोरड्या, हवेशीर जागी वेगळ्या ठेवाव्यात, हाताळताना नाकातोंडावर पट्टी बांधावी आणि लग्न-मुंजीसारखे पुन्हा न मिळणारे काही त्यांत असेल, तर प्रशिक्षित संवर्धकाकडे न्याव्यात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचे केंद्र आहे. योग्य माणूस कोण, ही विचारणा तिथून सुरू करता येईल.

आंबूस वासाचे दुखणे फिल्मच्या पायाचे, म्हणजे जिलेटिनचा थर ज्यावर असतो त्या पारदर्शक पट्टीचे, आहे. हा पाया सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा असतो. उष्ण आणि दमट हवेत तो विघटित होऊ लागतो, तेव्हा अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच, बाहेर पडते. आणि हे आम्ल पुढच्या विघटनाला आणखी वेग देते. बंद डब्यात वाफ कोंडून राहिल्याने एका फिल्मचे दुखणे शेजारणीला लागते. पाया आकसतो पण जिलेटिन तेवढे आकसत नाही, त्यामुळे वरच्या थराला सुरकुत्या पडतात. गेलेला पाया पूर्ववत करता येत नाही. वास येणाऱ्या निगेटिव्ह आजच डब्याबाहेर काढाव्यात, निरोगी निगेटिव्हपासून दूर ठेवाव्यात आणि स्कॅनिंगच्या रांगेत सर्वांत पुढे घ्याव्यात. वळलेली फिल्म सरळ करण्यासाठी इस्त्री फिरवण्याचा सल्ला काहीजण देतात. तसे कदापि करू नये.

आपल्या पत्रात १९४५ च्या आसपासच्या काही निगेटिव्हचाही उल्लेख आहे. त्या काळातील काही फिल्मचा पाया सेल्युलोज नायट्रेटचा असे आणि तो अत्यंत ज्वालाग्राही असतो. कडेला इंग्रजीत ‘सेफ्टी’ असा शब्द असेल तर चिंता नाही. तो नसेल आणि फिल्म पिवळी-तपकिरी, चिकट झालेली असेल, तर ती देवघर, स्वयंपाकघर आणि उन्हापासून दूर, थंड आणि हवेशीर जागी एकटी ठेवावी, कुरिअरने पाठवू नये आणि जाळून पाहण्याची परीक्षा तर मुळीच करू नये.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. वेळ भरपूर आहे, पण स्कॅनरसाठी खर्च करण्याची तयारी नाही. मोबाइलने घरच्या घरी बरे काम होईल का? (नाशिक)

उत्तर : होईल. तसबिरीएवढी मोठी प्रत नाही, पण पोस्टकार्डाएवढी छान निघेल. कराडच्या वाचकांच्या दुकानदाराची चूक मोबाइल वापरण्यात नव्हती. ती खिडकीला धरण्यात होती, कारण निगेटिव्हमागे झाडे, तारा आणि आकाश असा असमान उजेड होता.

टॅबलेटवर पूर्ण पांढरा पडदा उघडून तो सपाट ठेवावा. निगेटिव्ह थेट काचेवर ठेवल्यास पडद्याची बारीक जाळी चित्रात उतरते, म्हणून दोन-तीन सेंटीमीटर उंचीवर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा ठेवून त्यावर निगेटिव्ह ठेवावी. काळ्या कार्डशीटमध्ये निगेटिव्हच्या मापाची खिडकी कापून ती वर ठेवली, की भोवतालचा उजेड भिंगात शिरत नाही आणि फिल्मही सपाट राहते. मोबाइल दोन सारख्या उंचीच्या पुस्तकांच्या थप्प्यांवर पालथा ठेवावा. तो निगेटिव्हला समांतर आहे की नाही हे पाहायला एक सोपी युक्ती आहे : निगेटिव्हच्या जागी लहान आरसा ठेवावा, मोबाइलच्या भिंगाचे प्रतिबिंब पडद्याच्या बरोबर मधोमध दिसले म्हणजे मांडणी सरळ. मग खोलीतला दिवा आणि पंखा बंद करावा, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि हात न लावता चित्र घ्यावे. निगेटिव्ह नेहमी कडेला धरावी आणि धूळ रबरी फुग्याच्या ब्लोअरने उडवावी. तोंडाने फुंकर मारल्यास थुंकीचे सूक्ष्म थेंब जिलेटिनवर बसतात.

कृष्णधवल चित्र उलटे करणे कोणत्याही संपादनाच्या साधनात एका क्लिकचे काम आहे. रंगीत निगेटिव्ह मात्र नारिंगी दिसते. तो नारिंगी पडदा मुद्दाम दिलेला असतो, पण तसेच उलटे केल्यास सगळे चित्र निळसर येते. त्यासाठी चित्राबाहेरची, उजेड न लागलेली नारिंगी कड आधी ‘पांढरी’ म्हणून नेमावी आणि मगच चित्र उलटे करावे. ऐंशीच्या दशकातील निगेटिव्हचे रंग अंधारातही फिके झालेले असू शकतात. त्वचेचा रंग जमला की बाकीचे रंग बऱ्यापैकी जागेवर येतात.

प्रश्न : स्कॅन केल्यावर आजी-आजोबांच्या जागा बदललेल्या दिसतात. निगेटिव्ह कोणत्या बाजूने ठेवायची? (बेळगाव)

उत्तर : फिल्मची एक बाजू चकचकीत असते आणि दुसरी, जिलेटिनची, किंचित मंद. चकचकीत बाजू आपल्याकडे असताना कडेची अक्षरे सुलट वाचता येतात आणि चित्रही सुलट असते. कडा कापलेल्या असतील तर चित्रातच खूण शोधावी. आपल्याकडे नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावरून येतो आणि सदऱ्याचा खिसा डाव्या छातीवर असतो. पदर उजवीकडे गेला असेल, तर स्कॅन आडवे उलटवून घ्यावे. पुन्हा स्कॅन करण्याची गरज नाही.

प्रश्न : आमच्या गावातील जुना स्टुडिओ बंद होत आहे. मालकांच्या मुलाने आमच्या घरच्या काही मोठ्या निगेटिव्ह शोधून दिल्या, त्यांत दोन काचेच्या आहेत. चेहऱ्यांवर पेन्सिलीने गिरवल्यासारखे दिसते. ते पुसावे का? आणि या चित्रांवर हक्क कोणाचा? (पंढरपूर)

उत्तर : पुसू नये. ते रिटचिंग आहे. स्टुडिओतले कारागीर टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हच्या जिलेटिनवर बारीक रेघा आणि ठिपके देऊन डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि सुरकुत्या प्रतीत उजळ करत. काहीजण त्यासाठी लाल रंगही लावत. निगेटिव्ह दिव्याखाली तिरपी धरली की या रेघा चमकतात. वर्षानुवर्षे मान वाकवून केलेले हे हातकाम त्या चित्राचाच भाग आहे. ओले कापड किंवा कोणताही द्रव लावला तर ते क्षणात जाईल. काचेच्या निगेटिव्ह एकमेकींवर रचू नयेत. घडीच्या जाड कागदात गुंडाळून, लांब कडेवर उभ्या ठेवाव्यात. त्या स्कॅन करताना झाकणातील दिवा पूर्ण काचेएवढा रुंद आहे याची खात्री करून घ्यावी. पुष्कळ घरगुती स्कॅनरमध्ये तो जेमतेम १२० च्या फिल्मपुरता असतो.

हक्काविषयी : १९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, एखाद्याने मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर प्रताधिकाराचा पहिला मालक तो सांगणारा ग्राहक असतो. निगेटिव्ह ही वस्तू मात्र वेगळी. ती स्टुडिओने स्वतःच्या फिल्मवर बनवलेली आणि स्वतःकडे जपलेली असते. त्या मुलाने शोधून दिल्या याबद्दल त्यांचे आभार मानावेत, योग्य मोबदला द्यावा आणि गावातील इतर कुटुंबांनाही कळवावे. स्टुडिओ बंद होताना निगेटिव्हची पोती रद्दीत जातात, हे मी पाहिले आहे.

प्रश्न : काकांच्या कॅमेऱ्यात न धुतलेला रोल तसाच आहे. मागच्या लाल खिडकीत ९ हा आकडा दिसतो. त्यातून काही निघेल का? (मडगाव)

उत्तर : निघू शकेल, मात्र मागचे झाकण उघडू नये. आधी मंद उजेडात रोल पुढे फिरवत राहावे. आकडे संपून कागदाची शेपटी गुंडाळली गेली, की किल्ली सैल फिरू लागते. मगच रोल बाहेर काढून पट्टी चिकटवावी. हात हलका ठेवावा, कारण जुना कागद ठिसूळ झालेला असतो.

उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू किंवा तत्सम कृष्णधवल रोल असेल, तर आजही तो धुता येतो. रंगीत असल्यास वेष्टनावर सी-४१ लिहिले आहे का ते पाहावे. रंगीत निगेटिव्ह धुण्याची ही प्रक्रिया १९७२ साली आली आणि अजून चालू आहे. त्याआधीच्या सी-२२ प्रक्रियेचे रोल सी-४१ च्या सुमारे ३८ अंश सेल्सिअसच्या रसायनांत घातल्यास त्यांचा थर टिकत नाही. असे रोल कृष्णधवल पद्धतीनेच धुऊन घ्यावेत. रंग मिळणार नाहीत, पण माणसे दिसतील. आपल्याकडच्या उन्हाळ्यांनी फिल्मवर धुके चढलेले असणार, म्हणून धुणाऱ्याला रोलचे वय आवर्जून सांगावे.

प्रश्न : सर्व निगेटिव्ह स्कॅन करून झाल्या. आता त्या ठेवण्याची गरज आहे का? (ठाणे)

उत्तर : आहे. मूळ चित्र निगेटिव्हवरच आहे. स्कॅन हे त्याचे एका यंत्राने, एका दिवशी केलेले वाचन. नीट धुतलेली चांदीची निगेटिव्ह साठ वर्षे टिकलेली आपण पाहतोच आहोत, उलट हार्ड डिस्क एका पावसाळ्यात बंद पडू शकते. फाइलींच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर असावी. फाइलीच्या नावात साल, गाव आणि प्रसंग लिहावा, कारण संगणक आपल्या मनाने लिहितो ती तारीख स्कॅनची असते.

निगेटिव्ह पीव्हीसीच्या मऊ, वासाच्या पाकिटांत ठेवू नयेत. आम्लरहित कागदाची किंवा पॉलिप्रॉपिलिनची पाकिटे घ्यावीत. पत्र्याच्या छपराखालचा माळा आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळावी. आतल्या खोलीतील कपाटाचा मधला कप्पा उत्तम. डांबराच्या गोळ्या त्यांच्याजवळ ठेवू नयेत. सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि तिचा रंग पालटला की ती बदलावी किंवा तापवून वाळवावी. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा डबा उघडून वास घ्यावा. पाकिटावर नावे लिहायची ती पेन्सिलीने, आणि निगेटिव्ह आत घालण्याआधी; भरलेल्या पाकिटावर लिहिले की अक्षरांचा वण आतल्या जिलेटिनवर उमटतो.